जुन्या परिक्रमा-मार्गदर्शिकेच्या भरवशावर नर्मदा: वापरानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगतो, मग कारणं. १९८०च्या आसपास छापलेली नर्मदा परिक्रमेची मराठी मार्गदर्शिका तुमच्या घरात असेल, तर ती रद्दीत घालू नका. पण तिच्यातल्या अंतरांच्या तक्त्यावर विसंबून एकही मुक्काम ठरवू नका. पावसाळ्यात घरी बसून आखणी केली तेव्हापासून ऊन चटकायला लागल्यावर ओंकारेश्वरला परत पोचलो तोवर हेच पुस्तक सोबत होतं. नाव मुद्दाम देत नाही. ते आता मिळत नाही, आणि त्या काळातल्या अशा पुस्तकांचा साचा बहुतेक सारखाच: आधी माहात्म्य, मग नियम, मग तटावरची गावं नि त्यांच्यातलं अंतर, शेवटी आरत्या.

आमचं गाव अकोट तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. पुस्तक शेजारच्या काकाजींचं. ते धरणं व्हायच्या आधी चालून आलेले, आणि जागोजागी त्यांच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत: ‘इथे विहीर गोड’, ‘कुत्रे’, ‘बाई चांगली, ताक देते’. छापलेल्या मजकुराइतकाच या खुणांचाही उपयोग झाला, त्यामुळे हा शेरा थोडा काकाजींच्या पेन्सिलीवरही आहे.

पुस्तक जुनं झालंय हे घरातच कळलं. त्यात लिहिलंय, अकोल्याहून मीटरगेजच्या गाडीत बसा आणि खंडवा करून ओंकारेश्वर रोडला उतरा. काकाजी तसेच गेले होते. धुळघाटला ती गाडी डोंगराला वेढा घालून आपल्याच रुळांवरून पलीकडे जायची, हे सांगताना ते अजून हातवारे करतात. अकोट ते खंडवा हा मीटरगेजचा टप्पा २०१७ साली बंद झाला. अकोल्याहून अकोटपर्यंत मोठी लाइन आली, पण पुढे मेळघाट व्याघ्र प्रकल्प आडवा, म्हणून मार्ग जंगलाबाहेरून वळवायचं ठरलं. तोवर आम्ही सातपुड्याच्या अंगणात राहणारी माणसं आधी उलटं दक्षिणेला अकोल्याला जाणार, तिथून भुसावळमार्गे खंडवा, आणि तिथून बसने ओंकारेश्वर. पुस्तकातलं अख्खं ‘प्रवासाची सोय’ प्रकरण वऱ्हाडातल्या माणसाने सरळ ओलांडून पुढे जावं.

निघायचा मुहूर्त पुस्तकाने देवउठनी एकादशीनंतरचा दिलाय. चातुर्मासात चालायचं नाही, हा नियम आजही तसाच पाळतात. पण हे लिहिणाऱ्याला पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, ठाऊक नसावी. कार्तिकात आमच्याकडे वावर पांढरं होतं, मजूर मिळत नाही, आणि घरातला एक माणूस ‘नर्मदे हर’ म्हणत निघाला तर उरलेले त्याला काय म्हणतील ते इथे लिहिण्यासारखं नाही. सीतादहीची पूजा करून कापसाचा पहिला वेचा घरात आला, तुरीचं भावाने अंगावर घेतलं, तेव्हा मार्गशीर्षात निघता आलं. उशिरा निघण्याची किंमत शेवटच्या टप्प्यात उन्हात चुकवावी लागते. शेतकऱ्याला दुसरा इलाजही नाही.

आता तक्त्याबद्दल, कारण या पुस्तकाचा सगळा दिमाख त्या तक्त्यात आहे. वहीत तो उतरवून घेतला: डावीकडे पुस्तकातलं गाव, मधे ते फोनच्या नकाशावर सापडलं तर बरोबरची खूण, उजवीकडे रिकामी जागा. दक्षिण तटाने बडवानीपर्यंत खुणा भराभर पडल्या. त्यापुढे फोनच्या पडद्यावर नुसतं निळं. नाव टाकावं तर नकाशा भलत्याच ठिकाणी, दूर आतल्या पुनर्वसन वसाहतीवर नेऊन उभा करायचा.

नर्मदेची लांबी १,३१२ किलोमीटर, म्हणून दोन्ही तट धरून २,६००च्या वर, हा हिशोब पुस्तकात आहे आणि आजही सगळे तोच सांगतात. पुस्तक छापलं तेव्हा तो पुष्कळसा जुळत असेल. नंतर जबलपूरजवळचं बर्गी धरण १९९०मध्ये पुरं झालं. इंदिरा सागर धरणात २००४ साली हरसूद गाव गेलं. सरदार सरोवराची उंची १३८.६८ मीटरपर्यंत नेऊन २०१७मध्ये लोकार्पण झालं आणि २०१९च्या पावसाळ्यात ते पहिल्यांदा काठोकाठ भरलं. ही नावं सगळ्यांना माहीत असतात. चालणाऱ्याच्या पायांवर त्याचा काय परिणाम होतो, हे मात्र तिथे गेल्याशिवाय ध्यानात येत नाही.

धरणाचं पाणी नुसतं नदीच्या पात्रात वर चढत नाही, ते प्रत्येक उपनदीच्या आणि नाल्याच्या तोंडातून आत घुसतं. वारीच्या हनुमान सागराच्या काठाकाठाने कधी फिरला असाल तर पाण्याच्या त्या पसरलेल्या बोटांची कल्पना येईल. इथे तेच, पण जिल्हेच्या जिल्हे. पूर्वी संगमावर धोतर वर खोचून गुडघाभर पाण्यातून पलीकडे जायचं. आता तिथे फुगवटा. म्हणजे उपनदीच्या कडेने पूल मिळेपर्यंत वर चढा, पूल ओलांडा, आणि दुसऱ्या कडेने तेवढंच खाली या. पुस्तकात जे अंतर दुपारच्या जेवणाआधी संपतं, त्याला आख्खा दिवस जातो. त्यात वेळही वाईट. धरणं पावसाळ्यानंतर भरलेली असतात आणि परिक्रमा नेमकी तेव्हाच सुरू होते. पुस्तक ज्या वाळूच्या वाटेने नेतं, ती वाट त्या वेळी पाण्याखाली.

आणि एक गोष्ट जिवावर बेतणारी आहे. पुस्तक सांगतं, उन्हाळा लागला की वाळवंटात पथारी टाकावी, पहाटे तिथेच स्नान करावं. धरणाखालच्या भागात हे अजिबात करू नका. वर वीजघर चालू झालं की खालचं पाणी थोड्या वेळात चढतं. एप्रिल २००५मध्ये देवास जिल्ह्यात धाराजीच्या मेळ्यात इंदिरा सागरातून सोडलेलं पाणी आलं आणि घाटावरचे किती तरी भाविक वाहून गेले. भोंगा वाजला की वर या, आणि मुक्काम गावात किंवा आश्रमातच करा. काकाजींच्या प्रतीत त्या परिच्छेदावर मी लाल पेनाने फुली मारली आहे. पेन्सिलीने भागलं नसतं.

एवढं ऐकून वाटेल, मग उरलं काय? हेच मी आखणीच्या वेळी काकाजींना विचारलं होतं. बाजेवर बसून तूर निवडत होते. म्हणाले, “घाट बुडाले असतीन बावा, पन नद्या कुठी जाऊन रायल्या? नद्यायचं प्रकरण वाच.”

ते प्रकरण मी कंटाळवाणं म्हणून मागे टाकलं होतं. तक्त्यानंतर येतं, आठ-दहा पानं, बारीक टाइप, कुठल्या तटाला कुठली नदी कोणत्या क्रमाने मिळते, कुठली बारमाही, कुठली पौषात आटते, कुठल्या पात्रात खडक आणि कुठे पाय रुतेल असा गाळ. पुस्तकाची सगळी किंमत या पानांत आहे. गुजरातेत दक्षिण तटाला करजण, उत्तर तटाला चांदोदजवळ ओरसंग. अमरकंटकहून परत फिरल्यावर दक्षिण तटाने शेर, शक्कर, दुधी, मग बांद्राभानला तवा, पुढे गंजाल, छोटी तवा. गावं हलली, नद्यांचा क्रम तोच. हा क्रम वहीत मांडला, प्रत्येक नदीवरचा सगळ्यात खालचा पूल फोनवर शोधून तिच्यापुढे लिहिला, आणि मुक्काम त्या पुलांच्या हिशोबाने पाडले. तेव्हा कुठे आखणी जमिनीला टेकली. छोट्या तवेचं मुख आता इंदिरा सागरात आहे, तिथे तर नदी म्हणून काही दिसतच नाही. क्रम माहीत असल्यामुळे निदान आपण कशाला वळसा घालतोय ते कळत होतं. नुसता फोन घेऊन चालणाऱ्यांना तेवढंही कळत नाही. एक पुणेकर जोडी भेटली, ते दर वळणाला नकाशाशी भांडत होते.

पुस्तकातली आणखी एक सोय मला फार आवडली: प्रत्येक ठिकाणासमोर ‘समोरच्या तटावर काय दिसते’ असा रकाना. नदी कायम उजव्या हाताला ठेवायची आणि ओलांडायची नाही. संकल्प केला की ओंकारेश्वरच्या मांधाता बेटावरसुद्धा जाता येत नाही, कारण ते पात्रात आहे. त्यामुळे पलीकडचं काहीही पायांना लागत नाही, पण ठिकाण ओळखायला ते फार उपयोगी पडतं. नावडातोडीहून समोर महेश्वरचा घाट दिसला की आपण कुठवर आलो हे कोणाला विचारावं लागत नाही. त्या घाटावर पाय ठेवायला मात्र समुद्रापर्यंत जाऊन उत्तर तटाने मागे यावं लागतं. त्याआधी रावेरखेडीला बाजीरावांची समाधी आहे. १७४० साली ते तिथेच गेले. पुस्तकात तिला दीड ओळ, आणि शेजारच्या कुठल्याशा शिळेच्या माहात्म्याला दीड पान. मराठी पुस्तकाने असं करावं याचं नवल वाटलं.

समुद्राचं प्रकरण जसंच्या तसं चालतं. विमलेश्वरहून नावेने समुद्रातून उत्तर तटावरच्या मिठीतलाईला जायचं, नाव भरतीवर सुटते, आणि भरती तिथीवर असते. पुस्तकाने वेळा तिथीनुसार दिल्यात, त्या शिळ्या होण्याचं कारणच नाही. नावेचं भाडं आणि नाव लिहून घ्यायची पद्धत सोडा, ते तिथे गेल्यावर कळतं. भाडभूतला मोठं बॅरेज होतंय, त्यामुळे भरूचच्या खालच्या वाटेचं वर्णन आणखी काही वर्षांनी बदलावं लागेल.

शूलपाणीच्या झाडीचं, म्हणजे बडवानीपुढच्या डोंगराळ जंगलाचं, प्रकरण वाचताना मला राग आला. पानंच्या पानं भिल्लांच्या लुटीची. अंगावर काही ठेवू नका, ते कपडेसुद्धा काढून घेतात, ती नर्मदामैयाची परीक्षा वगैरे. पूर्वी लूट व्हायची हे खरं, काकाजींचा कांबळा तिथेच गेला. पण त्या माणसांची काय अवस्था होती, ती अशी का वागत असतील, यावर पुस्तकात एक शब्द नाही. आम्ही मेळघाटाच्या तोंडाशी राहतो. तिथल्या कोरकू आदिवासींबद्दल शहरातून आलेला माणूस कसा बोलतो हे लहानपणापासून ऐकलंय, तोच सूर इथे आहे. आज त्याच डोंगरात, ज्यांची निम्मी जमीन सरदार सरोवराखाली गेली त्यांच्या घरी, मक्याची भाकर आणि मिरची खाऊन झोपलो. कोणी विचारलं तर एवढंच, “कहाँ से आए, बाबा?” चढ मात्र पुस्तकाने प्रामाणिक सांगितलेत. त्यासाठी आमच्या शहानूरहून नरनाळ्याची चढण दर आठवड्याला केली होती, ती कामी आली. ज्यांना डोंगर झेपत नाही ते आता शहादा-प्रकाशाकडून रस्त्याने जातात. ही वाट पुस्तकात नाही.

बायकांसाठी या पुस्तकात काहीही नाही. माझ्या बहिणीने ते चाळून परत केलं आणि म्हणाली, “दादा, याच्यात बाईमानूस नर्मदेवर फक्त कपडे धुते.” प्रत्यक्षात वाटेत बायका पुष्कळ होत्या, एकट्या चालणाऱ्यासुद्धा. त्यांना मुक्काम कुठे सुरक्षित, आडोसा कुठे, हे आश्रमांच्या व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या याद्यांतून कळतं. पुरुषांनीही त्या याद्या घ्याव्यात, कारण सदावर्त, म्हणजे फुकट शिधा-जेवण, कुठे चालू आणि कुठे बंद पडलं हे पुस्तक सांगू शकत नाही. गावांची नावंही बदलत जातात. होशंगाबादचं २०२२मध्ये नर्मदापुरम झालं. पाटीवर नवं, कंडक्टरच्या तोंडी जुनं, दोन्ही लक्षात ठेवा.

छपाईबद्दल थोडक्यात. नकाशा घडीचा आहे आणि त्याला प्रमाण नाही. पहिल्या आठवड्यातच घडीवर फाटला. सूची नाही. शिवण चांगली, पानं सुटली नाहीत. वजन हलकं. खताच्या पोत्याच्या आतली प्लास्टिकची पिशवी कापून तिच्यात ठेवलं होतं, एकदाही भिजलं नाही.

गुण द्यायचे तर घरी बसून आखणीसाठी पाचपैकी चार, वाटेवर रोजच्या मुक्कामासाठी एक. जुन्या बाजारात कोणी ‘दुर्मीळ’ म्हणून चढा भाव सांगितला तर देऊ नका. ज्याच्याकडे असेल त्याच्याकडून नद्यांचं प्रकरण आणि समोरच्या तटाचा रकाना एवढ्याचीच झेरॉक्स काढा, फोनवर नकाशा नेटशिवाय चालेल असा उतरवून घ्या, आणि उपनद्यांचे पूल घरूनच लिहून न्या. काकाजींची प्रत सध्या पणजच्या एका पोराकडे आहे. तो येत्या कार्तिकात निघतोय, आणि लाल फुली कुठे आहे हे त्याला आधी दाखवूनच पुस्तक दिलंय.