दोन्ही भाषांत काम करणारे कन्सल्टंट घेतले, त्याचा अनुभव

आमची संस्था लहान आहे, पगारावरचे सगळे मिळून १८ जण. फील्डवरचे १२ जण मराठीतच बोलतात-लिहितात आणि विश्वस्तांपैकी दोघांना मराठी अजिबात येत नाही. म्हणजे काम कसं चालतं ते एकांना माहिती, पैसे कुठून येतात ते दुसऱ्यांना, आणि मधे आम्ही तीन-चार जण दिवसभर इकडचं तिकडे सांगत बसतो. एका फंडरने क्षमताबांधणीसाठी, म्हणजे संस्थेचं स्वतःचं काम सुधारण्यासाठी, वेगळे पैसे दिले तेव्हा मुद्दाम मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषांत काम करणारी टीम शोधली. नऊ महिने काम चाललं. नाव लिहीत नाहीये कारण खाली तक्रारी पण आहेत आणि माणसं चांगली होती.

आधीचा अनुभव सांगितल्याशिवाय हे कळणार नाही. पूर्वी एका फर्मकडून स्ट्रॅटेजिक प्लॅन करून घेतला होता, इंग्रजीत, चांगला जाडजूड, आणि मग शेवटी कुणाकडून तरी त्याचं मराठी करून घेतलं. त्यात स्टेकहोल्डरचं (म्हणजे कामाशी ज्यांचा ज्यांचा संबंध येतो ते सगळे) झालं होतं 'हितसंबंधी'. आमच्या फील्डच्या एक ताई म्हणाल्या, "हितसंबंधी म्हणजे टेबलाखालून घेणारे ना? आपले कोण आहेत असे?" सगळे हसले आणि तो प्लॅन कपाटात गेला तो गेलाच.

या टीमने सुरुवातीलाच एक गोष्ट केली जी मला तेव्हा टाइमपास वाटली होती. कुठलाही फॉर्म न काढता दोन दिवस नुसती शब्दांची यादी केली. आउटपुट, आउटकम, इम्पॅक्ट या तिन्हीला आमच्या जुन्या रिपोर्टात 'परिणाम' हा एकच शब्द होता, त्यामुळे फील्डवरून आकडे यायचे ते नेहमी मीटिंग किती झाल्या आणि माणसं किती आली एवढेच. इतकी वर्षं आम्हाला वाटायचं की लोकांना रिपोर्टिंग जमत नाही! यांनी त्याचे सरळ तीन प्रश्न केले: आपण काय केलं, त्यानं लोकांचं काय बदललं, आणि आपण निघून गेल्यावर ते टिकलं का. पुढच्याच महिन्यात रिपोर्ट वेगळे आले, खरंच. 'शाश्वतता' हा शब्द तर यादीतून काढूनच टाकला, त्याच्या जागी 'पैसे संपल्यावर काय' असं लिहिलं आणि त्यावर जेवढी चर्चा झाली तेवढी शाश्वततेवर कधीच झाली नव्हती.

दुसरी गोष्ट हेडफोनची. नेहमी काय होतं, मीटिंग इंग्रजीत आणि ज्यांना कळत नाही त्यांच्या कानाशी कुणीतरी कुजबुजतंय. इथे उलटं केलं, वर्कशॉप मराठीत आणि हेडफोन त्या दोन विश्वस्तांना. दुभाषी पण दोन आणले होते, कारण ऐकता ऐकता बोलायचं काम एका माणसाला सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त नीट जमत नाही, आलटून पालटून करावं लागतं. (आम्ही आधी माझ्यासारख्या एकालाच दिवसभर राबवायचो, संध्याकाळी काय बोलतोय ते मलाच कळायचं नाही.) थांबून थांबून भाषांतर केलं तर वेळ जवळपास दुप्पट लागतो, तो वेळ इथे वाचला. पहिला तासभर विश्वस्त अवघडून बसले होते, नंतर त्यातले एक जण जेवताना म्हणाले की रोज तुमचं असं होत असेल ना. तेवढ्यासाठी पण पैसे वसूल.

लॉगफ्रेमचा भाग पण आवडला. प्रोजेक्टचा आराखडा मांडायचा हा चौकटींचा तक्ता यूएसएआयडी या अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेसाठी १९६९ च्या आसपास तयार झाला आणि तेव्हापासून जगभरच्या संस्था तो भरतायत, बहुतेक वेळा फंडरला हवा म्हणून. सगळे डावीकडून भरतात, उद्दिष्ट, कामं, इंडिकेटर वगैरे, आणि शेवटच्या गृहीतकांच्या रकान्यात दमून काहीतरी लिहून टाकतात. यांनी तोच रकाना आधी घेतला. कुठल्या गोष्टी आपल्या हातात नाहीत आणि त्या बिघडल्या तर काम बुडेल, हे फील्डवाल्यांइतकं कुणालाच माहिती नसतं, त्यांनी अर्ध्या तासात फळा भरला.

आता तक्रारी. फायनान्सचं सत्र एकदम फुसकं. त्यासाठी वेगळा एक्स्पर्ट आणला आणि तो फक्त इंग्रजीवाला, मग कसले तुम्ही दोन भाषांचे? आमचे अकाउंटंट, जे बाकी वेळी सगळ्यांना गप्प करतात, ते दोन तास मान डोलवत बसले आणि बाहेर आल्यावर मला विचारलं, "नक्की काय ठरलं?" विषय खरं तर सगळ्यात गरजेचा होता. भाडं, वीज, अकाउंटंटचा पगार हा सामायिक खर्च कुठल्या प्रोजेक्टवर किती टाकायचा, तो कोण किती वेळ देतो त्यावरून वाटायचा की अजून कशावरून, आणि एका कामासाठी बांधून आलेला पैसा अडचणीत दुसरीकडे का वापरता येत नाही. हे नीट न कळल्याने प्रपोजलमध्ये ओव्हरहेड, म्हणजे हाच सामायिक खर्च, कमी दाखवायचा आणि मग वर्षभर रडायचं हे आमचं जुनं दुखणं आहे, ते तसंच राहिलं.

आणि फायनल रिपोर्ट! इंग्रजी वेळेवर, मराठी पाच आठवड्यांनी, ते पण जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये, त्यामुळे फोनवर उघडलं की नुसती चिन्हं. फील्डवरचे सगळे फोनवरच वाचतात हे नऊ महिन्यांत कळायला हवं होतं. बोललो तर दोन दिवसांत दुरुस्त करून दिलं, वाद घातला नाही, ते मान्य.

कुणी अशी टीम घेणार असाल तर डेमोला पीपीटी बघू नका, त्यांनी आधी केलेला एखादा मराठी रिपोर्ट मागा आणि तो इंग्रजी न बघता वाचा. अडखळलात तर समजा की आधी इंग्रजीत लिहून मग मराठी केलंय. आणि दोन्ही भाषांत म्हणजे कुठली कुठली सत्रं, टेम्प्लेट कुठल्या भाषेत, मराठी प्रत किती तारखेला, हे करारात लिहून घ्या, आम्ही घेतलं नव्हतं.

पाचपैकी साडेतीन देतो. पुढच्या महिन्यात फॉलोअपला येणारेत, अकाउंटंटनी प्रश्नांची दोन पानं काढून ठेवलीयेत, सगळी मराठीत.