डबल स्ट्रोलरचा अनुभव: एक पोर जड, एक हलकं, आणि गाडी डावीकडे

पुढचं डावं चाक परवा पुन्हा डुगडुगायला लागलं म्हणून शेवटी लिहायला बसले. शेजारी-शेजारी सीटवाला डबल स्ट्रोलर आहे, तो फोल्ड कसा होतो, कप होल्डर कुठेय, हे सगळं व्हिडिओत बघून घ्या. मला एकाच गोष्टीबद्दल बोलायचंय आणि ती एकाही व्हिडिओत सापडली नाही, कारण तिथे बहुतेक जुळी बसवलेली असतात. म्हणजे दोन्हीकडे वजन सारखं.

आमची थोरली तेव्हा अडीच वर्षांची, तेरा किलो, आणि धाकटा सहा महिन्यांचा, जेमतेम सात. (त्याच्या आधी घेण्यात अर्थ नव्हता, मान धरत नाही तोवर बाळाला सपाट झोपवायला लागतं आणि या सीटा पूर्ण आडव्या होत नाहीत.) तर थोरली ज्या सीटवर बसेल त्या बाजूला गाडी ओढते. कायम. एक बैल अडलाय आणि दुसरा चाललाय अशी गाडी, आणि आपण मनगटं तिरकी करून ती सरळ ठेवायची. साहजिक आहे, जड बाजूचं चाक जास्त दाबलं जातं, ती बाजू मागे राहते, गाडी तिकडे वळते. त्यात आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरते. डाव्या कडेने चाललोय आणि थोरली डावीकडे बसलीय, तर स्वारी थेट गटाराकडे. तिला उजवीकडे बसवलं तर उतार आणि वजन एकमेकांना काटतात, गाडी छान सरळ जाते, पण मग पोरगी ट्रॅफिकच्या बाजूला. आणि परत येताना त्याच कडेने आलं की उतार उजवीकडे, म्हणजे सीटा बदला, आणि सीटा बदलायच्या म्हणजे भोकाड.

रुंदीचं मला फार दुःख नाही. गाडी ७६ सेंटीमीटर, आमच्या जुन्या सोसायटीच्या लिफ्टचं दार ७०, हे मोजूनच घेतली होती, खाली सायकलींशेजारी साखळी-कुलूप लावून ठेवतो. जंगली महाराज रस्त्याचा फूटपाथ रुंद आहे तिथे मजेत जाते, फक्त बाइकवाले चढू नयेत म्हणून ठोकलेल्या खांबांमध्ये काही ठिकाणी अडकते, तेव्हा पुढून उचलायची. बाकी लक्ष्मी रोडचं नाव काढू नका.

तर चाक. सतत एका बाजूला भार म्हणून डाव्या चाकातलं प्लॅस्टिकचं बुश, म्हणजे चाकाच्या दांड्यावरची बारीक नळी, झिजलं. कस्टमर केअरला व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला, उत्तर काय तर चाकं वॉरंटीत येत नाहीत. म्हटलं स्ट्रोलरमध्ये चाकं सोडून झिजण्यासारखं आहे काय, छत? मग म्हणाले पूर्ण गाडी मूळ बॉक्समध्ये स्वखर्चाने पाठवा, तपासून सांगू. त्यांना वाटलं बॉक्स नसेल. आम्ही पुण्यात राहतो, बॉक्स माळ्यावर होता, थर्माकोलसकट! तसं कळवल्यावर दोन दिवस सामसूम आणि मग मेसेज की सुटं बुश मिळत नाही, पुढचा चाकांचा सेट घ्या, अडीच हजार. सासऱ्यांनी काही न बोलता चाक पिशवीत घातलं, बोहरी आळी गाठली आणि नायलॉनचे दोन वॉशर बसवून आणले. खर्च चाळीस रुपये, वर कंपनीला काय वाट्टेल ते बोलले ते वेगळं.

अपडेट: वरचं लिहून तसंच राहिलं होतं, दरम्यान तीनेक महिने गेले. धाकटा आता दहा किलोच्या आसपास, थोरली साडेचौदा, आणि खरं सांगायचं तर ओढ निम्म्याहून कमी झालीय. वॉशरही टिकलेत. मेट्रोत तर गाडीने जीव वाचवला, व्हीलचेअरवालं रुंद गेट आणि लिफ्ट आहे, सिव्हिल कोर्टाचं स्टेशन ३३ मीटर खोल आहे, दोन पोरं आणि बॅग घेऊन तिथे सरकत्या जिन्यावर उभं राहायची माझी हिंमत नाही. परतीच्या गर्दीत दोघं शेजारी-शेजारी झोपली होती आणि मी कितीतरी दिवसांनी मोकळ्या हातांनी फोन बघितला. त्या दिवशी चार स्टार दिले असते.

पण पैशाचं गणित बसत नाही ते नाहीच. सीटची मर्यादा १५ किलो. डब्ल्यूएचओच्या तक्त्यात तीन वर्षांच्या मुलाचं मधलं वजनच १४.३ किलो आहे, म्हणजे थोरल्यासाठी घेतलेली सीट आठ-दहा महिन्यांत बाद, आणि उरलेल्या एका पोरासाठी तुम्ही चौदा किलोचं धूड ढकलताय.

आता आम्ही नणंदेकडून आलेला साधा सिंगल वापरतो, त्याला मागे उभं राहायची चाकाची फळी लावलीय, तिला २० किलोपर्यंत चालतं. थोरली फळीवर कंडक्टर होते आणि धाकट्याला तिकीट फाडून देते. माझ्या नडग्या फळीवर आपटतात, निळे डाग पडलेत, पण गाडी सरळ जाते हो! फळीवर झोपता येत नाही एवढंच, त्यामुळे डबल अजून विकलेली नाही, नवरा म्हणतो मार्चपर्यंत ठेव.

जुळी असतील तर डोळे मिटून डबल घ्या. दोन-अडीच वर्षांचं अंतर असेल आणि तरी घ्यायचीच असेल, तर दुकानात रिकामी ढकलू नका, रिकामी सगळ्याच सरळ जातात. एका सीटवर दहा किलोची तांदळाची गोणी ठेवा, दुसरीवर पाच किलोची, आणि एका हाताने ढकलून बघा. दुकानदार कटकट करेल, करू दे.