बाथमधली बाग: सर्कसमागची की प्रायर पार्क?

भाची लंडनहून एका दिवसासाठी बाथ या इंग्लंडमधल्या शहरात जाणार आहे. बाग एकच जमेल, मग कुठली, असं विचारत होती.

सर्कस म्हणजे बाथमधली गोलाकार मांडलेली जुनी घरं. तिथल्या ४ नंबरच्या घरामागची जॉर्जियन (अठराव्या शतकातल्या धर्तीची) बाग म्हणजे आपल्या वाड्याच्या परसाएवढी. मागच्या ग्रॅव्हल वॉक या पायवाटेवरून दारातून आत शिरायचं, तिकीट नाही. १९८० च्या दशकात उत्खनन करून १७६० च्या सुमाराची मूळ आखणी शोधली आणि तशीच पुन्हा मांडली. हिरवळ जवळजवळ नाहीच! खडीची जमीन, त्यात बॉक्स नावाच्या झुडपाच्या बुटक्या कुंपणाचे वाफे. खालून बघताना ‘एवढंच?’ वाटतं, कारण ही बाग मुळात घराच्या खिडकीतून बघायची. वीस मिनिटं पुरे.

प्रायर पार्क ही उतारावरची मोठी बाग, टपाल आणि दगडखाणींवर श्रीमंत झालेल्या राल्फ ॲलनची. माथ्यावर हवेली (तिथे आता शाळा आहे), खाली दरीत तळी आणि १७५५ चा पॅलेडियन पूल (खांबांवर छप्पर असलेला). असे पूल जगात चारच. पुलाच्या दगडावर जुन्या लोकांनी कोरलेली नावं आहेत. ही खोड फक्त आपल्याच किल्ल्यांवर नाही तर! नॅशनल ट्रस्टचं (वारसास्थळं जपणारी संस्था) तिकीट लागतं, सर्वसामान्यांसाठी पार्किंग नाही आणि उतरलेला चढ परत चढावाच लागतो. दोन तास धरा.

गुडघे कुरकुरत असतील किंवा शहरातली घरं बघता बघता डोकवायचं असेल, तर सर्कसची बाग. पायात दम आणि हाताशी अर्धा दिवस असेल, तर डोळे मिटून प्रायर पार्क. भाची पंचविशीची आहे.