मालवणातलं पाटी नसलेलं ओबीएम रिपेरिंगचं दुकान: मशीन पेट्रोल ओव्हर मारत असेल तर सरळ इथे जा

ज्यांच्याकडे छोटी टू-स्ट्रोक ओबीएम (होडीच्या मागे लावायची आउटबोर्ड मोटर) आहेत, 8, 15, 25 एचपीची, आणि कार्बोरेटर ओव्हरफ्लो होऊन वैताग आलाय त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू. दुकान मालवणात बंदराकडे जाताना आहे, पाटीबिटी काही नाही, शटरबाहेर पाण्याच्या ड्रममध्ये एखादं मशीन लटकवलेलं दिसलं की समजायचं हेच. जेटीवर कोणालाही विचारा, सांगतील. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा का कापला ते पुढे सांगतो.

आमची देवबागला कर्ली खाडीत फायबरची छोटी होडी आहे, भाऊ पहाटे जाळं मारतो आणि सीझनला घरी उतरलेल्या पाहुण्यांना संगमापर्यंत फिरवून आणतो. मशीन यामाहाचं 15 एचपी, दोन सिलेंडर, कार्बोरेटर एकच, दोरी ओढून चालू करायचं. दिवाळीनंतर त्रास सुरू झाला. थंड असताना चालू व्हायचं, रेस दिली की पळायचं पण, पण स्लो केलं की घुरघुर करून बंद, मग दोरी ओढून ओढून खांदा जायची वेळ आली तरी पेटायचं नाही, प्लग काढावा तर ओलाचिंब, कव्हरच्या आत खाली पेट्रोल साचलेलं आणि मागे पाण्यावर तवंग. पेट्रोल किती जास्त जात होतं ते तर विचारूच नका, आणि पाहुणे बसलेले असताना मशीनमधून पेट्रोल गळतंय म्हणजे जिवाला घोर.

आधी एका गॅरेजला दाखवलं होतं, नाव घेत नाही. त्यांनी प्लग बदलले, कार्ब उघडून कॉम्प्रेसरची हवा मारली, थोडे दिवस बरं चाललं आणि परत तेच. दुसऱ्यांदा नेल्यावर म्हणाले, बॉडी गेली, नवीन कार्बोरेटरच टाका. कुठली बॉडी, काय गेलंय, ते दाखवलं नाही. तेव्हा शेजारच्या पातवाल्याने (पात म्हणजे मासेमारीची छोटी होडी) हे दुकान चालवणाऱ्या काकांकडे जायला सांगितलं.

काकांनी काय केलं ते नीट लिहितो कारण ह्या दुकानाची खरी किंमत तिथेच आहे. त्यांनी आधी कार्बोरेटरला हातच लावला नाही. म्हणाले, "आदी टाकयेचा झाकाण बघूया, कार्बोरेटर खंय पळान जाता?" टाकीच्या झाकणावर हवेचा स्क्रू असतो ना, तो बंद ठेवून होज (पेट्रोलची नळी) मशीनला लावलेली असेल आणि टाकी उन्हात तापली तर आत प्रेशर बनतं आणि ते पेट्रोल ढकलत ढकलत फ्लोट पिनला (कार्बमध्ये जाणारं पेट्रोल अडवणारी पिन) न जुमानता कार्बमध्ये घुसवतं. अशी कितीतरी मशीनं त्यांच्याकडे "कार्ब खराब" म्हणून येतात म्हणे. (चालताना स्क्रू बंद राहिला तर उलटं होतं, टाकीत व्हॅक्यूम बनतो आणि पेट्रोल येतच नाही.) आमची टाकी सावलीत असते आणि भाऊ होज काढून ठेवतो, त्यामुळे ते कारण बाद.

मग कार्बच्या तोंडावरचं कव्हर काढलं आणि होजवरचा रबरी फुगा दाबायला लावला. फुगा चार-पाचदा दाबला की दगडासारखा कडक व्हायला पाहिजे, कारण बाऊल (कार्बमधली पेट्रोलची वाटी) भरला की फ्लोट (आतला तरंगणारा भाग) वर येतो आणि पिन रस्ता बंद करते. आमचा फुगा कडक होतच नव्हता, दाबत राहिलो तसं कार्बच्या तोंडातून पेट्रोल बाहेर. म्हणजे पिन धरत नाही हे उघडण्याआधीच कळलं. तरी त्यांनी फ्युएल पंप पण खोलला. मला वाटलं आता बिल वाढवतायत, पण कारण सांगितलं ते पटलं. ह्या मशीनचा पंप क्रँककेसच्या (इंजिनाच्या खालच्या बंद पेटीच्या) प्रेशरवर चालतो, आत पातळ डायफ्रॅम म्हणजे पडदा असतो, तो फाटला तर पेट्रोल मागच्या भोकातून सरळ इंजिनात जातं, प्लग ओले होतात, धूर येतो, सगळी लक्षणं कार्ब ओव्हर मारल्यासारखीच, आणि माणूस कार्बवर कार्ब बदलत बसतो. पंप होजसकट हातात धरून फुगा दाबला, मागून थेंब आला नाही, पंप ओके. चोक पूर्ण उघडतो का तेही दोरा हलवून बघितलं.

एवढं झाल्यावर कार्ब उघडला. पिन बाहेर काढून टॉर्च मारून माझ्या हातात दिली, नखाने टोकावरून फिरवून बघ म्हणाले. टोकाला गोल खाच पडलेली, नखाला अगदी स्पष्ट लागते, वरवर बघितली तर दिसतही नाही. मशीन सतत थरथरतं, पिन सीटवर (ती जिथे टेकून बसते तिथे) ठोके खात राहते, त्यात मीठ आणि कचरा, की ही रिंग पडतेच. ती पडली की कितीही हवा मारा, किती धुवा, पिन पेट्रोल धरणार नाही. आधीच्या गॅरेजने हीच पिन पुसून परत घातली होती. वर फ्लोटची पत्र्याची जीभ पण वाकवलेली निघाली, त्यामुळे फ्लोट लेव्हल जास्त झालेली, म्हणजे बाऊलमध्ये पेट्रोल पाहिजे त्याच्यापेक्षा वरपर्यंत चढतंय. एक आजार होता त्याचे दोन केले.

फ्लोट गरम पाण्यात बुडवून बघितला, बारीक भोक असेल तर बुडबुडे येतात, आले नाहीत, तोच परत वापरला. नवीन पिन, सीट, गॅस्केट, ओ-रिंग असं किट टाकलं, कंपनीचं, डुप्लिकेट नाही, पाकीट माझ्यासमोर फोडलं. मग कार्ब उलटा धरून बॉडीच्या कडेपासून फ्लोटपर्यंत व्हर्नियरने माप घेतलं आणि तेलाने पिवळी पडलेली मॅन्युअलची झेरॉक्स काढून त्यातल्या मापाशी जुळवलं, जीभ केसभर वाकवायची, परत मोजायचं, परत वाकवायची. उलट्या कार्बच्या पेट्रोलच्या नळीत तोंडाने फुंकून बघितलं, हवा जात नाही म्हणजे पिन बसली. मग ड्रममध्ये मशीन लावून स्लोवर बराच वेळ चालू ठेवलं आणि त्यानंतरच पैसे सांगितले. किट आणि मजुरी मिळून नव्या कार्बच्या किमतीच्या जवळपासही गेलं नाही. तेव्हापासून मशीन स्लोवर मस्त उभं राहतं, तवंग नाही, प्लग कोरडे.

बाऊलच्या तळाला पांढरी पावडर निघाली ती पण दाखवली, पाण्यामुळे आतून गंज धरतो त्याची ती. आता पंपावर 20 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं, इथेनॉल पाणी ओढतं, आणि खाडीवर हवेतच एवढा दमटपणा की विचारू नका. पाणी जास्त झालं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन टाकीच्या तळाला बसतं, ऑईल मात्र वरच्या पेट्रोलमध्येच राहतं. आपलं टू-स्ट्रोक 50 ला 1 ऑईल मिक्सवर चालतं आणि पेट्रोल ओढलं जातं तळातून, म्हणजे पहिलं मशीनमध्ये काय जाणार, तर बिनऑईलचं पाणी मिसळलेलं. कार्बची गोष्ट सोडा, पिस्टनच जाईल. जुने रबरी होज पण ह्या पेट्रोलने फुगतात, त्यांचे आतले कण सुटून पिनखाली अडकतात आणि परत ओव्हर. त्यामुळे काकांनी होज पण बदलायला लावली आणि टाकी ते फुगा ह्यामध्ये पाणी वेगळं करणारा फिल्टर घालायला सांगितला. फिल्टर मी दुसरीकडून आणला, त्याचा त्यांना अजिबात राग नाही, स्वतः बसवून दिला.

एक गोष्ट त्यांनी भावाला दोनदा बजावली ती इथे लिहितोच. मशीन ओव्हर झालं असेल, कव्हरखाली पेट्रोल दिसत असेल तर तशीच दोरी ओढत बसायचं नाही, एक ठिणगी पुरते. होज काढा, कव्हर उघडून वाऱ्याला ठेवा, सांडलेलं फडक्याने टिपून घ्या, स्टॉप स्विचची दोरी काढलेली ठेवून प्लग बाहेर काढा आणि मग सावकाश दोरी ओढून सिलेंडरमधलं पेट्रोल बाहेर टाका. प्लग सुकवून लावा, चोक न देता चालू करा. होडीत गॅस, विडी, काही पेटलेलं नको.

आता अर्धा मार्क. फोन उचलत नाहीत. दुपारी जेवायला गेले की कधी येतील सांगता येत नाही. पक्कं बिल मिळत नाही, कागदावर पार्टची नावं लिहून देतात तेवढंच, धंद्याचा हिशोब ठेवणाऱ्यांना ते अडचणीचं आहे. पार्ट स्टॉकमध्ये नसेल तर थांबावं लागतं, आणि डुप्लिकेट लावा म्हटलं तरी लावत नाहीत, घाई असलेल्यांना ते आवडणार नाही, मला आवडलं. फोर-स्ट्रोक आणि इंजेक्शनवाली मोठी मशीनं घेत नाहीत, ती घेऊन जाऊ नका, सरळ नाही म्हणतात.

जाताना फक्त मशीन उचलून नेऊ नका, टाकी, होज, फुगा सगळं सोबत न्या, कारण अर्धं निदान त्याच्यावरच होतं. मे महिन्यात तर जाऊच नका, पर्यटकांच्या होड्यांची गर्दी असते. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तेव्हा सगळे पातवाले मशीनं आणून टाकतात आणि रांग लागते, तरी त्या दिवसांत ते शांतपणे काम करतात आणि जुने पार्ट परत देतात. बंदीसाठी मशीन उतरवताना होज काढून मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा आणि बाऊलचा खालचा स्क्रू सोडून उरलंसुरलं काढून घ्या, हे सांगायचे ते पैसे घेत नाहीत. सकाळी नऊच्या आत गेलात तर नक्की भेटतात, रविवारी बंद.