बंब, गॅस गिझर की लाइटचा गिझर: नवीन घराला काय लावावं

ओळखीत कोणाचं घर बांधायला निघालं की प्लंबिंगच्या टप्प्यावर हमखास फोन येतो, अंघोळीच्या पाण्याला काय करू. आमच्या निफाडकडे हा प्रश्न जरा जास्तच मनावर घेतात, कारण थंडीत पारा घसरला की बातमीत नाव आमचंच असतं आणि सकाळी टाकीचं पाणी हातावर घेतलं की बोटं बधिर. आमच्या घरात तिन्ही प्रकार नांदलेत, त्यामुळे लिहितोय ते वापरून लिहितोय, मोजमाप वगैरे काही केलेलं नाही. सोलरचं विचारू नका, तो वेगळा विषय आहे, आणि ढगाळ दिवसांत त्यालाही मागे यातलंच काहीतरी लागतं.

बंबाचं आधी उरकून घेतो. मागच्या दारी मोकळी जागा, घरचं जळण आणि सगळ्यांच्या आधी उठणारं कोणीतरी, एवढं असेल तर बंबासारखं पाणी कुठलाच गिझर देत नाही, असं माझं मत. आमच्याकडे जळण म्हणजे द्राक्षाच्या छाटणीच्या काड्या, एप्रिलच्या आणि ऑक्टोबरच्या, आणि कोणी बाग तोडली की खोडं. काड्या नुसत्या भुरकन पेटतात, खरी धग खोडाची. एकदा पेटला की वरून गार ओतायचं आणि तोटीखाली बादली लावायची, लग्नघरातले पाहुणे असले तरी नंबर थांबत नाही. पण बंबफोड वखारीतून विकत आणायची असेल तर परवडेल असं वाटत नाही, पावसाळ्यात ओलं जळण नुसतं धुमसतं, धूर शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर जातो, आणि पाणी न भरता चुकून पेटवला तर सांध्यांची झाळ (डाग दिलेला जोड) सुटते आणि मग तांबट शोधत फिरा. फ्लॅटवाल्यांनी तर हा परिच्छेद सोडूनच द्यावा.

म्हणजे खरा मुकाबला गॅस आणि लाइटचा. गॅस गिझरचं कौतुक सगळे करतात आणि ते खोटं नाही, नळ सोडला की टक् टक् होऊन पेटतो, वाट बघायची नाही, टाकी संपायची भानगड नाही, लाइट गेली तरी चालू कारण ठिणगी दोन जाड सेलवर पडते. उन्हाळ्यात, पावसाळ्यात मला त्याच्याबद्दल काही म्हणायचं नाही.

थंडीत मात्र त्यानं मला पार वैताग आणला. झालं काय, डब्यावर मिनिटाला ६ लिटर लिहिलेलं असतं ते साधारण २५ अंश वाढ धरून, आता टाकीतलंच पाणी १२-१३ अंशांचं असेल तर बेरीज तुम्हीच करा, कोमट म्हणायचं इतपतच. जास्त गरम हवं तर धार बारीक करावी लागते, पाणी आत जितका जास्त वेळ राहील तितकं तापेल हा साधा हिशेब. पण धार बारीक केली की प्रेशर कमी पडतं, आणि ठराविक प्रेशरच्या खाली बर्नर आपोआप बंद होतो, ते सेफ्टीसाठीच आहे, तसंच पाहिजे. फक्त त्या दोन्हींच्या मध्ये जी जागा उरते ती आमच्या वरच्या बाथरूमला बोटभरच होती, कारण टाकी त्याच्याच स्लॅबवर आणि उंची काही मिळत नाही. त्यात खाली स्वयंपाकघरात कोणी भांडी घासायला नळ सोडला की इकडे फस्स. अंगाला साबण, धार गार, आणि आतून ओरडायचं की नळ बंद करा रे. परत पेटला की आधी पाइपातलं गार पाणी येणार, मग एकदम चटका. मेकॅनिक येऊन गेला, सेल बदलले, जाळी साफ केली, म्हणाला बूस्टर पंप लावा. आता अंघोळीला पंप लावायचा म्हणजे पुन्हा लाइट आलीच की, मग गॅसचा फायदा राहिला कुठे?

दुसरी गोष्ट यापेक्षा मोठी आहे पण लोक हसण्यावारी नेतात. गॅस गिझर बंद बाथरूमच्या आत लावू नये. सिलेंडरचा गॅस गळला तर वास येतो कारण तो मुद्दाम घातलेला असतो, पण हवा अपुरी पडून जळताना जो कार्बन मोनॉक्साइड तयार होतो त्याला वासच नाही, माणूस अंघोळ करता करता कोसळतो. अशा बातम्या दर थंडीत येतात तरी छोट्या खिडकीच्या बाथरूममध्ये लावलेले मी बघतोच आहे.

लाइटच्या गिझरची गाऱ्हाणी नाहीत असं नाही. १५ लिटरचा, दोन किलोवॉटचा घेतला तर कडक तापायला वीस-पंचवीस मिनिटं धरा, एका वेळेला पाऊण युनिटच्या आसपास. थंडीत त्यात एक भरलेली बादली आणि वर थोडं, की पुढच्यानं थांबायचं. बोअरचं पाणी असेल तर कॉइलवर क्षार बसतात, आवाज यायला लागतो, मग खोलून साफ करून घ्यावा लागतो. अर्थिंग नीट नसेल तर लावूच नका. आणि सकाळी लाइट गेली तर गेली, तरी रात्री तापवून ठेवलेलं पाणी सकाळपर्यंत बऱ्यापैकी राहतं, हा अनुभव आहे.

पण एक सांगू का, धार बारीक ठेवा, मोठी ठेवा, मध्येच बंद करून परत सोडा, पाणी तसंच येतं. खाली कोण भांडी घासतंय याच्याशी त्याला देणंघेणं नाही. आईला बटणाची खटपट नको असते, तिला कोणी तरी लाल दिवा लावून दिला की झालं. बिल थंडीत वाढतं हे खरं, तुमच्याकडे माणसं जास्त असतील आणि टाकी चांगली उंच असेल तर कदाचित गॅसच तुम्हाला बरा पडेल, मी नाही म्हणणार नाही. आमच्या वरच्या बाथरूमला आता २५ लिटरचा लाइटचा आहे, गॅसवाला खाली मोरीच्या बाहेरच्या भिंतीला हलवलाय, तिथे दोन मजल्यांचं प्रेशर मिळतं म्हणून निमूट चालतो.

तुमचं अजून ठरत नसेल तर निदान टाइल्स लागायच्या आधी दोन्हीची सोय काढून ठेवा. आत उंचावर १६ अँपिअरचा पॉइंट, वेगळ्या वायरिंगचा, आणि बाहेरच्या भिंतीला गार-गरम पाइपांची दोन तोंडं. पाइपलाइनचा गॅस पुढेमागे येणार असेल तर दुकानदाराला तेही आधी विचारा, सिलेंडरवरच्या गिझरचे जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारी बारीक भोकं, त्याला चालत नाहीत.