जर्मन वेळा इंग्रजीत आणताना: हिवाळाभराच्या वापरानंतरचा अनुभव

लाइपझिगमधल्या आमच्या ऑफिसात निरोप जर्मनमध्ये येतात आणि निम्म्या टीमला ते इंग्रजीत लागतात. हे काम माझ्याकडे आहे. त्यासाठी फोनवरचं एक भाषांतराचं ॲप मी हिवाळ्यापासून रोज वापरतेय. ईमेल, सूचना, कराराचे मसुदे यांत ते उत्तम चालतं. वेळेच्या बाबतीत मात्र त्याच्यावर डोळे मिटून विसंबू नये, असं माझं ठाम मत झालंय.

आधी जमेची बाजू. 'मॉर्गन' म्हणजे उद्याही आणि सकाळही. वाक्य पूर्ण असेल तर ॲप ते बरोबर ओळखतं. 'गेगन द्राय' म्हणजे तीनच्या सुमारास, तेही चुकत नाही. 'हाल्ब द्राय'चं 'टू थर्टी' नीट होतं. इथे उलट माणसंच जास्त फसतात, कारण ब्रिटनमध्ये 'हाफ थ्री' म्हणजे साडेतीन आणि जर्मन 'हाल्ब द्राय' म्हणजे अडीच. शब्दाला शब्द ठेवला की तासाचा घोळ.

खरी अडचण सॅक्सनीच्या, म्हणजे लाइपझिग ज्या राज्यात आहे तिथल्या बोलीत आहे. इथे सव्वादोनला 'फिर्टल द्राय' म्हणतात आणि पावणेतीनला 'द्रायफिर्टल द्राय'. तिसरा तास पाव भरला, पाऊण भरला, असा हिशेब. जर्मनीतल्याच थुरिंगिया आणि श्वाबिया या भागांतही हीच पद्धत. हॅम्बुर्गचा माणूस मात्र सव्वादोनला 'फिर्टल नाख त्स्वाय' म्हणणार. हीटिंगच्या मिस्त्रीचा मेसेज आला, 'फिर्टल द्राय'ला येतो. ॲपने लिहिलं 'क्वार्टर टू थ्री'. म्हणजे तो दारात उभा आणि दार उघडणारा अर्ध्या तासाने येणार! मेसेज लिहिणारा कुठल्या गावचा, हे ॲपला कळायला मार्गच नसतो. त्यासाठी 'आटलास त्सुअर डॉइचेन आल्टाग्सश्प्राखे' या भाषा-नकाशांचा मला फार उपयोग झाला. कुठल्या भागात काय म्हणतात ते त्यात रंगीत ठिपक्यांनी दाखवलंय.

मराठी माणसाला मात्र हे सगळं परकं नाही, आणि मला सांगायचंय ते हेच. आपला 'अडीच' संस्कृत 'अर्धतृतीय'मधून आला: तिसरा अर्धा. 'हाल्ब द्राय' तंतोतंत तेच सांगतं. 'औट हात' मधला औट, म्हणजे साडेतीन, तोही 'अर्धचतुर्थ'. म्हणून मी आता वेळ आधी मराठीत म्हणते, सव्वादोन, अडीच, पावणेतीन, आणि इंग्रजीत सरळ आकडे लिहिते: २:१५, २:३०, २:४५. 'फ्युन्फ फोर हाल्ब द्राय' म्हणजे अडीचला पाच कमी, २:२५. इंग्रजीत याचं 'ट्वेंटी फाइव्ह पास्ट टू' करत बसण्यापेक्षा आकडा बरा.

दिवसांचंही तसंच. 'इन आख्ट टागेन'चं ॲप 'इन एट डेज' करतं आणि मुदत एक दिवस पुढे सरकते. आपण 'आठ दिवसांनी ये' म्हणतो तेव्हा त्याच वाराला बोलावतो, जर्मनही तसंच. 'ऊबरमॉर्गन' म्हणजे येणारा परवा, 'फोरगेस्टर्न' म्हणजे गेलेला. घड्याळही त्यांच्याकडे आपल्यासारखंच पुढे नाहीतर मागे जातं. इंग्रजीत ते 'फास्ट' आणि 'स्लो'. 'बिस फ्रायटाग'कडे नीट बघा: फॉर्म पाठवायचा असेल तर 'बाय फ्रायडे', दुकान उघडं असेल तर 'अंटिल फ्रायडे'. ॲपला बहुतेक वेळा जमतं, पण तुटक मेसेजात नाही.

'का-वे १४' (KW 14, के-डब्ल्यू म्हणजे कॅलेंडरचा आठवडा) असं दिसलं तर तो वर्षाचा चौदावा आठवडा. नियम असा की आठवडा सोमवारी सुरू होतो आणि वर्षाचा पहिला गुरुवार ज्यात येतो तो पहिला. २०२६ चा चौदावा आठवडा ३० मार्चला सुरू होतो. ॲप फक्त 'वीक १४' लिहून मोकळं होतं, आणि अमेरिकेतल्या सहकाऱ्याला त्यातून काहीच उमगत नाही. तारीख आपणच घालावी.

सुट्या शब्दांसाठी मी 'लेओ' हा ऑनलाइन शब्दकोश शेजारी उघडा ठेवते. ॲपची फुकट आवृत्ती या कामाला पुरते, पैसे भरायची गरज नाही. आणि फोनवर कुणी 'फिर्टल द्राय' म्हणालं, तर लगेच विचारा, 'फिर्त्सेन ऊर फ्युन्फत्सेन?' म्हणजे १४:१५ ना? स्टेशनवर गाड्यांच्या वेळा अशाच सांगतात, त्यामुळे कुणाला त्यात वावगं वाटत नाही.