फुगवायची कयाक, दारणेचा फुगवटा: दिवाळी ते मृग वापरल्यानंतरचा अनुभव

दिवाळीत घेतलेली दोन माणसांची फुगवायची कयाक मृग लागायच्या आधी धुऊन, सुकवून आत ठेवली. मधले सगळे महिने ती मनसोक्त वापरली. नाशिकमध्ये ज्यांना नव्याने सुरुवात करायची आहे, त्यांनी अशीच घ्यावी असं माझं ठाम मत झालंय. पण होडी कशी आहे यापेक्षा नदी कशी निवडायची, कधी उतरायचं, यावरच सगळं अवलंबून असतं. त्याबद्दल मराठीत फारसं लिहिलेलं मला सापडलं नाही, म्हणून हे जरा लांबलचक लिहितेय.

आपल्याकडे वल्ही म्हटली की दत्तू भोकनळचं नाव निघतं, आणि निघायलाच हवं. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा हा मुलगा २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये सिंगल स्कल्सला, म्हणजे एकट्याने दोन वल्ह्यांनी होडी हाकायच्या शर्यतीत उतरला. मात्र त्याचा खेळ रोइंग. त्यात होडी ज्या दिशेला जाते तिकडे पाठ असते आणि दोन्ही वल्ही होडीला अडकवलेली असतात. कयाकमध्ये तोंड पुढे असतं आणि हातात एकच मोकळं वल्हं, त्याच्या दोन्ही टोकांना पाती. समोरचा खडक, कोळ्यांचं जाळं, पाण्यावर झुकलेली फांदी सगळं दिसतं. नवख्या माणसाला कयाक लवकर जमते ती त्यामुळेच.

आता होडीबद्दल. वजन सोळा-सतरा किलो. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, त्यामुळे प्लास्टिकची अखंड कयाक परवडली तरी ठेवायची कुठे आणि गाडीवर बांधायची कशी, हा प्रश्न होताच. ही घडी होऊन छोट्या गाडीच्या डिकीत मावते. हातपंप दुहेरी आहे, म्हणजे दांडा वर ओढतानाही हवा भरतो आणि खाली दाबतानाही. पंधरा मिनिटांत होडी तयार होते. थंडीत एक गोष्ट लक्षात ठेवावी: काठावर टणक भरलेले कप्पे गार पाण्यात गेल्यावर मऊ लागतात. ती गळती नसते, आतली हवा थंड होऊन आकसलेली असते. दहा मिनिटांनी काठाला येऊन पंपाचे चार हात मारून घ्यावेत. उन्हाळ्यात याच्या उलट. जेवायला थांबलो की होडी सावलीत ओढायची आणि थोडी हवा सोडायची, नाहीतर तापलेल्या हवेने शिवणीवर ताण येतो.

तक्रारीही आहेत. पाठीच्या टेकूचे पट्टे सारखे सरकतात, तासाभरात कंबर भरून येते. सोबत आलेलं अॅल्युमिनियमचं वल्हं जड आहे आणि त्यावरून ओघळणारं पाणी मांडीवर साचतं. हलकं वल्हं वेगळं घ्यावं लागलं. होडीच्या तळाला लावायची पाती (फिन) मात्र कधीच विसरू नका. तिच्याशिवाय ही होडी सरळ जातच नाही, प्रत्येक वल्ह्याला तोंड फिरवते. आणि बाभळीचे काटे! आपल्याकडच्या नदीकाठांवर ते असणारच. तळाला एक लागला, ठिगळ आणि गोंद लावून रात्रभर ठेवल्यावर ते आजवर टिकलंय. तेव्हापासून काठावर आधी ताडपत्री अंथरतो.

लाइफ जॅकेट खोक्यात येत नाही, ते वेगळं घ्यावं लागतं आणि तिथे पैसे वाचवू नयेत. जॅकेटवर न्यूटनमध्ये आकडा असतो. ५० न्यूटनचं पोहता येणाऱ्यासाठी आणि मदत जवळ असताना वापरायचं. १०० न्यूटनचं जॅकेट पाण्यात पडलेल्या माणसाचं तोंड वर ठेवायला मदत करतं. मला पोहता येतं, भाचीला जेमतेम, म्हणून तिला १०० चं घेतलं. तिला ते अवजड वाटतं. "आत्या, यात हातच हलत नाहीत गं," अशी कुरकुर चालू असते, पण त्यावर चर्चा नाही.

आता नदी. नाशिककर म्हणून पहिलं नाव गोदावरीचंच येतं. मात्र शहरातलं पात्र आणि त्याच्या खालचा भाग मी सुचवणार नाही. तपोवनापासून पुढे सांडपाणी आणि पानवेली, सायखेडा-चांदोरीकडे तर काही महिने पानवेलींचा गालिचाच असतो. वल्हं त्यात अडकतं आणि खाली काय आहे ते दिसत नाही. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला पाणी सुंदर आहे, पण शहराचं पिण्याचं पाणी तिथून येतं. मनाला येईल तिथून होडी टाकण्याची ती जागा नाही, आधी जलसंपदा विभागाकडे विचारावं. नांदूर मधमेश्वर तर पूर्ण वगळावं. ते पक्षी अभयारण्य आहे, २०२० मध्ये राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) झालं, आणि थंडीत तिथे उतरणाऱ्या पाहुण्या पक्ष्यांना होडीने उठवणं मला पटत नाही. तिथे चापडगावच्या मनोऱ्यावरून दुर्बिणीने बघण्यातच खरा आनंद आहे.

आम्हाला मानवला तो दारणा नदीवरच्या एका केटी (कोल्हापूर पद्धतीच्या) बंधाऱ्याचा फुगवटा. पावसाळा संपला की बंधाऱ्यात फळ्या टाकतात, पाणी अडतं आणि मागे लांबवर संथ, खोल पात्र तयार होतं. नद्यांची अवघडता १ ते ६ अशा वर्गांत मोजतात. हे पाणी पहिल्या वर्गाइतकंही चपळ नसतं. त्यामुळे निघालो तिथेच परत येता येतं, दुसरी गाडी खाली पाठवायची कटकट नाही. एक नियम मात्र आम्ही मोडत नाही: बंधाऱ्यापासून लांबच राहायचं, वरूनही आणि खालूनही. वरच्या बाजूला फळ्यांमधल्या फटींतून पाणी ओढलं जातं, होडी आडवी झाली तर खांबांना चिकटून बसते. खालच्या बाजूला भिंतीवरून पडणारं पाणी तळाशी जाऊन पुन्हा भिंतीकडेच वळतं आणि त्यात सापडलेल्याला बाहेर फेकत नाही, फिरवत राहतं. बंधारा कमरेएवढा असला तरी हे घडतं.

सगळ्यांत महत्त्वाचं आता सांगते. आपल्या नद्या शांत असतात कारण वरची दारं बंद असतात. दारणा धरण १९१६ पासून उभं आहे. दारणा आणि गंगापूर धरणांतून सोडलेलं पाणी नदीपात्रातूनच नांदूर मधमेश्वरला जातं आणि तिथून गोदावरीच्या दोन्ही कालव्यांना वळतं. म्हणजे जानेवारीत किंवा एप्रिलमध्ये, आभाळात ढगाचा ठिपका नसताना, आवर्तन (कालव्यांसाठी ठरवून सोडलेलं पाणी) सुटलं की नदी वाढते. पावसाळ्यानंतर कधी खालच्या जायकवाडी धरणासाठीही पाणी सोडतात. बाहेरच्या पुस्तकांत 'पाऊस नसेल तर नदी सुरक्षित' अशा अर्थाचं वाचून कुणी आपल्याकडे उतरेल, तर तो अर्धंच वाचून आलेला असेल. त्यामुळे आमचं नियोजन हवामानाच्या आधी विसर्गापासून, म्हणजे धरणातून किती पाणी सोडलंय त्यापासून सुरू होतं. आवर्तनाच्या तारखा स्थानिक वर्तमानपत्रांत येतात, शिवाय काठावरच्या शेतकऱ्याला त्या तोंडपाठ असतात, कारण त्याचा कांदा त्यावर असतो. आकडा क्युसेकमध्ये येतो. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. विसर्ग हजार क्युसेक असं वाचलं तर दर सेकंदाला अठ्ठावीस हजार लिटर पाणी येतंय. असं काही चालू असेल किंवा सुटणार असेल, तर त्या आठवड्यात होडी घरीच.

जायच्या दिवशी काठावर पुन्हा विचारायचं. तिथे जाळी टाकणारे एक मामा भेटतात. "मामा, वरून पाणी सोडलंय का?" एवढाच प्रश्न. एकदा म्हणाले, "पानी नाही सोडेल, पण दुपारून वारं उठंल, तव्हर या माघारी." आणि तसंच झालं. त्यांच्या बाटल्यांच्या तरंगत्या खुणा दिसल्या की लांबून वळसा घालतो. त्यांची ती कमाई आहे.

वाऱ्याचं त्यांचं म्हणणं पक्कं आहे. फुगवलेली होडी पाण्यात जेमतेम बुडते, बाकी सगळी वर, त्यामुळे वाऱ्याला मोठा पडदा मिळतो. संथ पाण्यात आम्ही आधी वाऱ्याच्या विरुद्ध जातो. थकवा यायच्या आत अवघड भाग संपतो आणि येताना वारा ढकलतो. पात्राला थोडी जरी ओढ असेल तर आधी उगमाकडे. पहिल्या पंधरा मिनिटांत अंतरच कापलं जात नसेल, तर तिथूनच परत. थंडीत ऊन वर आल्यावर, आठच्या सुमारास उतरतो. निफाडकडच्या गारठ्यात त्याआधी बोटं वल्हं धरत नाहीत. सुती कपडे नकोत, भिजले की सुकत नाहीत. उन्हाळ्यात साडेसहाला पाण्यात आणि दहाच्या आत बाहेर. एप्रिल सरता सरता फुगवटा आटतो, दगड वर येतात आणि तळाची पाती घासायला लागते; मग हंगाम संपला असं समजावं.

उसळत्या पाण्याची हौस असेल तर ही होडी घेऊ नका. त्यासाठी कोलाडला कुंडलिका नदीवर जा. तिथलं राफ्टिंग मुद्दाम सोडलेल्या पाण्यावरच चालतं आणि सोबत शिकलेली माणसं असतात. सकाळी दोन-तीन तास शांत पाण्यावर घालवायचे असतील, घरात एखादं नुकतं पोहायला शिकलेलं मूल असेल, तर हिला तोड नाही. दोघांच्या आसनात एक मोठं माणूस आणि एक शाळकरी मूल आरामात बसतं. दोन दणकट माणसं बसतील, पण गुडघ्यांना गुडघे लागतील.

आत ठेवताना दोन दिवस पंख्याखाली सुकवा, तळाच्या शिवणीत पाणी लपून राहतं आणि पावसाळ्यात तिथेच बुरशी धरते. घडी सैल घाला, झडपा उघड्या ठेवा, आणि उंदीर पोचणार नाही अशा जागी ठेवा.